कचऱ्याच्या नजरेने सातारा-सांगली

सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीवर एक शिलालेख आहे. विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात ही विहीर बांधून घेतली, असं त्यावरून कळतं. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा थोरले शाहू महाराज होते, आणि विहिरीचं काम चालू असतानाच पेशवाईची वस्त्रं बाळाजी विश्वनाथांच्या मागे बाजीरावांकडे आली. नाव बारा मोटांचं असलं, तरी मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटात चक्क दगडी महाल लागतो. भिंतीवर शरभ कोरलेत, त्यांच्या पंजाखाली हत्ती. खाली अष्टकोनी घेराच्या तळाशी अजून पाणी आहे.

बाकीची मंडळी फोटो काढण्यात रमली होती. माझे मामा मात्र शिलालेखापाशी उभे राहून बोटांवर आकडेमोड करत होते. "तीनशे वर्षं झाली की गं हिला," ते म्हणाले. "आमचा सगळा हिशेब एवढ्याच मुदतीचा."

मामा मूळचे पाटण तालुक्यातले. नोकरी सगळी ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, आणि तीही अणुभट्टीवर नव्हे, कचऱ्यावर. नातेवाइकांत ते 'अणुबाँबवाले मामा' म्हणून ओळखले जायचे. लग्नकार्यात त्यामुळे मान जरा जास्त मिळायचा, तेव्हा त्यांनीही हा गैरसमज कधी दूर केला नाही. प्रत्यक्षात त्यांचा जन्म गेला तो हातमोजे, बुटांवर चढवायची आवरणं, फरशी पुसलेली फडकी, गाळण्या, पाणी शुद्ध करणारं रेझिन, गाळ आणि गंजकी हत्यारं यांची विल्हेवाट लावण्यात. अणुउद्योगात आकारमानाने सगळ्यात मोठा ढीग या असल्या मालाचा असतो. त्यात किरणोत्सार थोडा असतो, पण असतो. वापरलेल्या इंधनातून निघणारा जहाल कचरा वेगळा. तो काचेत मिसळून गोठवतात आणि निराळा सांभाळतात. मामांचा विषय तो नव्हे.

तीनशे वर्षं कुठून आली, तेही सांगते. या सौम्य कचऱ्यात मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० असतं. दोघांचंही अर्धायुष्य साधारण तीस वर्षांचं. तीस वर्षांनी निम्मं, साठ वर्षांनी पाव, असं दहा वेळा निम्मं होत गेलं की हजाराव्या हिश्श्याहून कमी उरतं. म्हणून हा कचरा जमिनीत फार खोल पुरत नाहीत. चार-पाच मीटरांत काम भागतं. कमी मारा असलेला माल दगडी अस्तराच्या चरांत, त्याहून तेज असलेला काँक्रीटच्या चरांत आणि सगळ्यात तेज असलेला 'टाइल होल' म्हणतात त्या लोखंडी अस्तराच्या उभ्या काँक्रीट-नळ्यांत. जाळता येईल ते जाळून, दाबता येईल ते दाबून, ओलं असेल ते सिमेंटमध्ये कालवून मग आत ठेवायचं, वरून बंद करायचं, भोवती बोअर मारून त्यातलं पाणी वर्षानुवर्षं तपासत राहायचं. राखणदारी तीनशे वर्षं. "कचऱ्याला पाय नसतात, पाण्याला असतात," हे मामांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

परवान्याची रीतही तशीच सावध. मामांच्या काळातला अणुऊर्जा कायदा १९६२चा, अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३चं आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७चे. जागेची मंजुरी, बांधकामाची मंजुरी, चालवण्याची मंजुरी आणि शेवटी बंद करण्याची मंजुरी अशा पायऱ्या वेगवेगळ्या. अर्जदाराला वाईटात वाईट काय घडू शकतं ते आधी स्वतःच लिहून द्यावं लागतं. चरात पाणी भरलं तर? झाकण खचलं तर? आणि तीनशे वर्षांनी, तिथे काय पुरलंय हे विसरून गेलेल्या कुणी नेमकी त्याच जागी विहीर खणली तर? त्या खणणाऱ्याच्या अंगावर किती किरणोत्सार येईल, याचं गणित आज मांडावं लागतं. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला एक मिलिसीव्हर्ट. निसर्गातून आपल्याला जगभरात सरासरी मिळतो त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता, सातारा-सांगलीत असलं काही नाही. भारतात अशा जागा सात: ट्रॉम्बे, तारापूर, रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार आणि कैगा. सगळ्या अणुकेंद्रांच्या कुंपणात. जिथे भट्टी तिथेच तिचा कचरा, हे आपलं धोरण. त्यामुळे रस्त्यावरून कचऱ्याची वाहतूक फारशी होत नाही आणि गावोगाव जागा शोधत फिरावं लागत नाही. मामांच्या मनात मात्र एक जुनी खुटखुट होती. ट्रॉम्बे काय, तारापूर काय, कुणी कचऱ्यासाठी पसंत केलं नव्हतं. थंड करायला समुद्राचं पाणी हवं म्हणून भट्टी किनाऱ्यावर आली, आणि तिच्या मागोमाग कचरा. पुस्तकात लिहिलेलं असतं, कोरडा मुलूख निवडा. आपल्या राज्यातल्या दोन्ही जागा कोकणपट्टीच्या पावसात. मग काँक्रीट, अस्तर, निचरा आणि तपासणीचे बोअर यांनी ती कसर भरून काढायची. "जागा आपली आपण निवडायची असती तर," असं ते निवृत्तीनंतर अधूनमधून म्हणत. तेव्हा ठरवलं, आपले दोन जिल्हे त्या नजरेने एकदा पाहून घेऊ. नुसता खेळ.

लिंबहून कराडपर्यंत महामार्ग, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. कृष्णा आणि कोयना इथे बाजूने येऊन मिळत नाहीत, समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. घाटावर बसलेल्या माणसांना नदीच्या या तऱ्हेचं काही वाटत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं.

पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यात रस्ता रुंद करताना डोंगर कापलाय. तिथे मामांनी गाडी थांबवायला लावली. कापलेल्या भिंतीत सह्याद्री पानं चाळून दाखवावीत तसा दिसतो. वर मुरूम, खाली काळा पाषाण, मग सच्छिद्र मांजऱ्या, मध्येच विटकरी लाल मातीचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर एकामागून एक आले, दोन पुरांच्या मध्ये माती धरायला उसंत मिळाली तिथे लाल पट्टा. मामांनी त्या पट्ट्याच्या वर हात लावला आणि ओली बोटं दाखवली. पाऊस जाऊन महिने झाले होते. अखंड कातळ पाणी पीत नाही, पण दोन थरांच्या सांध्यातून आणि भेगांतून ते वाट काढतं. कुठल्या भेगेतून कुठे निघेल हे सांगणं अवघड. जागा परवान्यासाठी दाखवायची तर ती 'सांगता येण्याजोगी' असावी लागते. म्हणजे भूगर्भातलं पाणी कोणत्या दिशेने, किती वेगाने जातं हे कागदावर मांडता आलं पाहिजे. बेसॉल्ट तिथे चकवतो.

कोयनेच्या बाकीच्या अडचणी उघड आहेत. वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस. २०२१च्या जुलैत आंबेघर आणि मिरगावात डोंगर खाली आला तो याच पाटण तालुक्यात. आणि भूकंप.

११ डिसेंबर १९६७ची पहाट. मामा तेव्हा शाळेत जाणारं पोर. "कौलं अंगावर आली न् आजीनं मला गोधडीसकट उचलून बाहेर टाकलं," एवढंच त्यांना आठवतं. त्यानंतर घर उभं असूनही कितीतरी दिवस सगळी वस्ती खळ्यात झोपत होती. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या. पुढे मागच्या बाजूने टेकू देऊन भिंत मजबूत केली.

मला या प्रवासात सगळ्यात जास्त चकित केलं ते यामागच्या गोष्टीने. भूकंप कोयनेचा म्हणून आपण पाठ केलेला असतो. पण त्याआधी दख्खनचं पठार हे देशातल्या स्थिर प्रदेशांत गणलं जायचं. १९५०च्या सुमारास कुणी इथे जागेची तपासणी केली असती, तर 'भूकंप' या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे 'धोका नाही' असं लिहिलं असतं आणि त्याचं काही चुकलं नसतं. मग धरण झालं, शिवसागर जलाशय भरू लागला आणि जमीन हादरू लागली. पाण्याच्या वजनाने आणि भेगांत उतरलेल्या पाण्याच्या दाबाने, आधीच ताणाखाली असलेला खडक सरकायला निमित्त मिळालं, असं भूकंपशास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ठिकाण म्हणजे हे. पाच आणि त्याहून अधिक तीव्रतेचे धक्के इथे वीसहून जास्त झालेत. शेजारचं वारणा धरण भरल्यावर तिकडेही सुरुवात झाली. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला यासाठी खास प्रयोगशाळा थाटलीय आणि गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपतो आणि थेट ग्रॅनाइटी पाया लागतो, तोही अडीच अब्ज वर्षांहून जुना. मधल्या एवढ्या प्रचंड काळाचं बोअरमधून निघालेल्या खडकाच्या नळकांड्यात काही नाही.

खेळ म्हणून घेतलेल्या आमच्या यादीत कोयनेवर काट मारून आम्ही मागे फिरलो.

कराडहून सांगलीकडे निघालं की जमीन सपाट आणि काळी होत जाते. उसाचे फड, हळदीची पानं, मध्येच साखर कारखान्याचं धुराडं. ही काळी माती कचऱ्याच्या दृष्टीने गुणाची. चिकणमातीचे बारीक कण सीझियम धरून ठेवतात, सहसा सोडत नाहीत. भिंत फुटली तरी माती हा दुसरा पहारेकरी. पण हीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. शिवाय ती ज्या पट्ट्यात आहे तो कृष्णेचा.

सांगलीत आयर्विन पुलावर गेलो. १९२९चा पूल, खाली फुटांचे आकडे रंगवलेली पट्टी. पावसाळ्यात अख्खं शहर या पट्टीवर जगतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात आजही कुणी पत्ता सांगताना पाणी किती आलं होतं तेही सांगतं.

तिथून हरिपूर जवळ. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. नाटकवाल्यांना हे गाव गोविंद बल्लाळ देवलांमुळे माहीत असतं, व्यापाऱ्यांना हळदीच्या पेवांमुळे. आम्ही पेवांसाठी गेलो होतो.

पेव म्हणजे जमिनीत उभं खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट फुगत जातं, रांजण पुरावा तसं. खोली वीस-पंचवीस फूट. आतून वीटकाम नाही, सिमेंट नाही, फक्त इथली घट्ट चिकट माती. तळाला आणि बाजूंना पाचटाचा थर, मग हळद, वर पुन्हा पाचट, आणि तोंडावर मातीचा ढीग. हवा नाही, ओल नाही, कीड नाही. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची, उलट रंग चढायचा असं जुने व्यापारी सांगतात. माल जमिनीत पडून राहायचा आणि पेठेत त्याचा व्यवहार नुसत्या पावतीवर व्हायचा. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या मातीच्या पोटात ती मुरायची ती पेवं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

एका वयस्कर गृहस्थांनी त्यांच्या परड्यातलं बुजत आलेलं पेव दाखवलं. तोंडाभोवती गवत माजलेलं. मामा तिथे उकिडवे बसले आणि प्रश्न विचारत सुटले. निचरा कुठे? पाणी किती खोल? शेजारच्या पेवापासून अंतर किती? गृहस्थांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनीही सविस्तर सांगितलं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. कुठल्या जागी पेव घ्यायचं नाही, हे खणणाऱ्याला पहिल्या कुदळीतच कळायचं.

"आणि पूर?" मी विचारलं.

"पूर यायचा की पूर्वीबी. पण २००५ला आला तसा नव्हता."

त्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद जागच्या जागी कुजली. त्यानंतर व्यापारी शीतगृहांकडे वळले. २०१९ने उरलंसुरलं संपवलं. पिढ्यान् पिढ्या कोरडी राहिलेली जागा होती ती.

मामांनी मग गाडीत केंटकीतल्या मॅक्सी फ्लॅट्सची हकिकत सांगितली. अमेरिकेत १९६३ ते १९७७ तिथे चरांत किरणोत्सारी कचरा पुरला. खालचा खडक पाणी झिरपू न देणारा, म्हणून जागा उत्तम मानली गेली. पण पुरलेला माल कुजून दबला, वरची माती खचली, पावसाचं पाणी आत उतरलं आणि खालच्या घट्ट खडकामुळे बाहेर जाईना. चर काठोकाठ भरले. शेवटी जागा बंद करून साफसफाईचा प्रचंड खर्च करावा लागला. ज्या गुणासाठी जागा निवडली तोच नडला. आज वर्गीकरण, दाबणी, सिमेंट आणि वरचं पक्कं झाकण यांवर एवढा भर आहे तो या अनुभवामुळेही.

मिरजेत सतारीच्या दुकानांपुढे थोडा वेळ गेला, तो सांगत बसत नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिशनचं इस्पितळ काढलं तेव्हापासून सोलापूर-विजापूरपर्यंतचा पेशंट इथे येतो. किरणोत्सारी पदार्थ आपल्या भागात पोचतात ते मुख्यतः याच वाटेने, कर्करोगाच्या उपचारासाठी. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. देशातल्या ज्या इस्पितळांत कोबाल्टचं यंत्र आहे तिथे काही वर्षांनी जुना स्रोत काढून नवा बसवावा लागतो, आणि जुना भंगारात जाता कामा नये. तो नियामक मंडळाच्या परवानगीने पुरवठादाराकडे किंवा अणुकेंद्राकडे परत जातो. दिल्लीच्या मायापुरीत २०१०मध्ये एक जुनं संशोधन-यंत्र लिलावात निघालं, भंगारवाल्याने त्यातला कोबाल्ट उघडला आणि एकाचा जीव गेला. आपण 'तुमचा कचरा' म्हणून मुंबईकडे बोट दाखवतो, तेव्हा त्यात आपल्या मावशीच्या उपचाराचाही वाटा असू शकतो, हे मामा जरा चिडूनच म्हणाले.

याच रस्त्यावर आमचा वाद झाला. माझं म्हणणं, कुंपणाच्या आत सगळं ठेवण्याचं धोरण सोयीचं आहे, पण त्यामुळे लोकांना विचारायची वेळच येत नाही. दक्षिण कोरियात आधी आन्म्यॉन बेटावर आणि मग बुआनला सरकारने जागा लादायचा प्रयत्न केला, दोन्हीकडे आंदोलनं पेटली. मग २००५मध्ये इच्छुक शहरांत मतदान घेतलं. ग्याँगजू शहराने ८९.५ टक्के मतांनी होकार दिला, मोठा निधी पदरात पाडून घेतला, आणि २०१५मध्ये तिथलं कोठार सुरू झालं. मामांचं म्हणणं, ज्या गावाला पैशाची सगळ्यात जास्त निकड ते गाव हो म्हणणार, याला निवड म्हणायचं का? मला त्यांचं पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. विचारणं तरी व्हायला हवं, इथवर आम्ही आलो.

म्हैसाळ ओलांडून कवठेमहांकाळ आणि पुढे जत. दोन-तीन तासांत मुलूख पालटतो. कोयनेच्या दहाव्या हिश्श्याएवढा पाऊस, पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बोडकी माळरानं, बाभळी, मेंढरांचे कळप, ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या. मामांचा चेहरा उजळला. भूकंप कमी, पूर नाही, वस्ती विरळ, भूजल खोल. पुस्तकातली जागा असते तर अशीच.

आणि तेवढ्यात कालवा आडवा आला. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचा. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून या दुष्काळी पट्ट्यात आणलंय. इथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या मोर्चे काढून, वाट पाहून मिळवलेलं पाणी ते. कालव्याच्या खालच्या अंगाला द्राक्षबागा हिरव्यागार, विहिरींना पाणी वाढलंय असं शेतकरी खुशीत सांगत होते. मामांनी वहीत आधी लिहिलेलं 'भूजल खोल' खोडलं. तीनशे वर्षं कोरडी राहील असं ज्या मातीबद्दल म्हणावं, तिची कोरड एका पिढीत मोडली होती आणि ती मोडावी म्हणूनच सगळे झटले होते. कोयनेला धरणाने जमीन हलवली, जतला पंपाने ओली केली. परवान्याच्या फाइलीत खडकाचं वय असतं, पावसाची सरासरी असते, शंभर वर्षांचा पूर असतो. पुढच्या आमदारकीच्या निवडणुकीत कुठल्या माळावर पाणी न्यायचं ठरेल, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

जतच्या पूर्वेला, कालवा अजून न पोचलेल्या एका वस्तीजवळ बॉनेटवर नकाशा पसरून आम्ही उभे होतो. मामा एका फसलेल्या बोअरच्या कडेला पडलेला चुरा चिमटीत घेऊन बघत होते. बांधावरून एक शेतकरी आले, राम राम झाला.

"पानाडी हाय का तुमी?"

मामा म्हणाले, नाही, पाणी बघणारा नव्हे, खडकाचा थोडा अभ्यास आहे. तरीही माणूस हलेना. मग मामांनी मनापासून सांगितलं. चुरा पाहता इथे खालपर्यंत अखंड काळा पाषाण दिसतोय, इथे पुन्हा पैसे घालू नका, घ्यायचंच तर ओढ्याच्या अंगाला लाल पट्टा दिसतो तिथे घ्या, सांध्यातून लागलं तर लागेल, नक्की सांगता येणार नाही. शेतकऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीच्या डिकीकडे एकदा वाकून पाहिलं आणि विचारलं, "नारळ आणला न्हाई व्हय?"